लेक्सस आरएक्स ५००एच : चार चाकांची परीक्षा

जपानच्या लेक्सस कंपनीने २०२२ मध्ये आपल्या आरएक्स गाडीची पाचवी पिढी जगासमोर आणली. १९९८ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या पहिल्या आरएक्सपासून या गाडीची ओळख शांत, आरामशीर आणि काहीशी संथ अशीच राहिली होती. ती ओळख पुसण्याचे काम नव्या मालिकेतल्या आरएक्स ५००एच या मॉडेलकडे आले आहे, म्हणून चाचणीसाठीही हेच मॉडेल योग्य ठरते.

२.४ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि दोन विद्युत मोटर मिळून ही गाडी ३७१ अश्वशक्ती देते, आणि कंपनीच्या आकडेवारीनुसार शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.२ सेकंदांत गाठते. कोरड्या, सरळ रस्त्यावरचा हा आकडा चांगला आहे. पण चारही चाकांना ताकद कशी मिळते, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी गाडीच्या खाली वाकून पाहावे लागते. पुष्कळशा ऑल-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, गाड्यांत पुढून मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट (ताकद मागे नेणारा फिरता दांडा) असतो. इथे तो नाहीच. इंजिन, त्याला जोडलेली मोटर आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुढची चाके फिरवतात, तर मागच्या अ‍ॅक्सलवर (मागची दोन चाके जोडणाऱ्या आसावर) ७६ किलोवॉटची स्वतंत्र मोटर बसवलेली आहे. डायरेक्ट-४ नावाची यंत्रणा चाकांचा वेग आणि स्टिअरिंगचा कोन यांसारख्या गोष्टींवर सतत लक्ष ठेवून पुढच्या आणि मागच्या चाकांमधली टॉर्कची, म्हणजे चाके फिरवणाऱ्या जोराची, वाटणी बदलत राहते. वळणात शिरताना ती ७५:२५ ते ५०:५० च्या दरम्यान असते, म्हणजे पुढच्या चाकांवर भर राहतो आणि गाडी स्टिअरिंगचे ऐकते. वळणातून बाहेर पडताना तीच वाटणी ५०:५० पासून २०:८० पर्यंत मागे सरकते. याच्या जोडीला मागची चाकेही जास्तीत जास्त चार अंशांपर्यंत वळतात. नागमोडी रस्त्यावर या रचनेचे खरे मोल कळते.

मात्र एक कसोटी अवघड आहे. पुढची दोन्ही चाके मोकळ्या रोलरवर ठेवली, म्हणजे त्यांची पकड पूर्णपणे काढून घेतली, तर इंजिनची ताकद मागे नेणारा कोणताही यांत्रिक मार्ग उरत नाही आणि सारा भार एकट्या मागच्या मोटरवर येतो. त्यामुळे २०:८० हे प्रमाण ऐकायला प्रभावी असले, तरी मागच्या चाकांना मिळणारी कमाल ताकद ७६ किलोवॉटच्या पलीकडे जाऊ शकत नाही. पावसाळी घाट किंवा बर्फाचा पातळ थर यांसाठी ती भरपूर आहे. खोल चिखलात तासन्‌तास झुंजण्यासाठी ही गाडी घडवलेलीच नाही.

याच मालिकेतल्या ऑल-व्हील-ड्राइव्ह आरएक्स ३५०एच मध्ये मागची मोटर ४० किलोवॉटचीच आहे, आणि चढावर पुढची पकड सुटते तेव्हा हा फरक ठळकपणे जाणवेल.