मीटर हलून राहिले, ट्रॅक मात्र रिकामा: मिक्सर, लॅपटॉप आणि मधली युएसबी केबल

नागपुरातल्या महालातल्या एका गल्लीत गणपतीचा मंडप. रात्री खंजिरी भजन आहे. माइक लागलेत, स्टेजबॉक्सपासून, म्हणजे स्टेजवर माइक जोडायच्या पेटीपासून, मिक्सरपर्यंत लॅन केबल ओढून झालीय, स्पीकरमधून आवाज एकदम साफ. मिक्सरच्या बाजूला एक लॅपटॉप ठेवलाय, कारण मंडळाला यावेळी भजन चॅनेलवाइज रेकॉर्ड करून पाहिजे, खंजिरी वेगळी, हार्मोनियम वेगळी, बुवांचा आवाज वेगळा, म्हणजे नंतर निवांत मिक्स करून युट्युबवर टाकता येईल. आणि नेमकं तिथंच गाडं अडलंय.

“भाऊ, मीटर तर सगळे हलून राहिले.”

“मिक्सरवर हलून राहिले बे, लॅपटॉपवर पाह्य ना, एक ट्रॅक हलत नाही.”

विदर्भात तुकडोजी महाराजांमुळे खंजिरी घराघरात गेली, आणि आता ही भजनं नीट रेकॉर्ड करून ठेवायची सोय आपल्या हातात आलीय, ही लहान गोष्ट नाही. २०१२ साली बेहरिंगरचा एक्स ३२ हा डिजिटल मिक्सर आला, त्याच्या आगेमागे बाकी कंपन्यांचेही आले, आणि जे काम आधी मोठ्या स्टुडिओतच व्हायचं ते भाड्याच्या मिक्सरवर व्हायला लागलं. एका युएसबी केबलमधून ३२ चॅनेल जातात, ३२ परतही येतात. हिशोब करून बघा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ३२ ट्रॅक म्हणजे तासाला साधारण साडेसोळा जीबी डेटा. युएसबी २.० ची कागदावरची स्पीड ४८० मेगाबिट, आपल्याला लागतात जेमतेम ३७. म्हणजे केबलमध्ये जागा भरपूर आहे. तरी रेकॉर्डिंग बिघडतं, आणि बिघडलं की पहिला विचार येतो नवीन लॅपटॉप घ्यायचा. आमचं म्हणणं असं की पैसे काढायच्या आधी दोन मिनिटं नीट ऐका. बिघाड कुठे आहे ते तो बिघाडच सांगतो, फक्त कसा वाजतोय ते समजलं पाहिजे.

आधी शांतता. काहीच येत नाही.

यात दोन प्रकार आहेत आणि लोक इथेच घोळ करतात. लॅपटॉपला मिक्सर दिसतच नाही, हा एक. मिक्सर दिसतो पण ट्रॅक रिकामे, हा दुसरा. दिसतच नसेल तर पहिले केबल बदला, खरंच सांगतो, पहिले केबल. चार्जिंगच्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात, आणि प्रिंटरची जुनी केबल कुठून कुठून हासडलेली असते ते कोणालाच माहीत नसतं. पाच मीटरच्या वर युएसबी केबल ओढू नका, मध्ये हब लावू नका, सरळ लॅपटॉपच्या पोर्टमध्ये. त्यानंतर ड्रायव्हर. मॅकवर बहुतेक मिक्सर लावले की चालतात, विंडोजवर मात्र कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (सगळे चॅनेल थेट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला देणारा) टाकावा लागतो. विंडोज १० मध्ये २०१७ पासून युएसबी ऑडिओ क्लास २ चा, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता युएसबी ऑडिओ चालवायचा, सपोर्ट आला खरा, पण सगळे चॅनेल वेगवेगळे आणि भरवशाने पाहिजे असतील तर कंपनीचाच ड्रायव्हर टाका. ऑडॅसिटी हे फुकटचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर लावून बसलेले पुष्कळ भेटतात, दोनच चॅनेल येतात म्हणून मिक्सरला नावं ठेवतात. तिचं नेहमीचं डाउनलोड वर्षानुवर्षं एएसआयओशिवाय येत आलं, लायसन्सची भानगड होती, त्यात मिक्सरचा दोष नाही. रीपर किंवा क्युबेससारखं सॉफ्टवेअर घ्या, सेटिंगमध्ये मिक्सरचा ड्रायव्हर निवडा आणि शेवटच्या चॅनेलपर्यंत इनपुट चालू आहेत का ते बघा.

आता मंडपातला प्रकार, म्हणजे दुसरा. लॅपटॉपला मिक्सर दिसतोय, सगळं हिरवं, तरी ट्रॅक कोरे. मिक्सरच्या स्क्रीनवर राउटिंगचं पान उघडा, म्हणजे कोणता आवाज कुठे जातो ते ठरवायचं पान. आवाज स्पीकरला जायचा रस्ता वेगळा आणि युएसबीला जायचा वेगळा, हे डोक्यात बसलं पाहिजे. माइक स्टेजबॉक्समध्ये लागलेत, तिथून लॅन केबलने मिक्सरमध्ये आलेत, चॅनेलवर मीटर हलतात. पण युएसबी कार्डाला काय पाठवायचं ते आठ-आठच्या गटात वेगळं ठरवलेलं असतं, आणि तिथे अजूनही ‘लोकल’ लिहिलंय, म्हणजे मिक्सरच्या मागचे सॉकेट, ज्यांच्यात एकही माइक नाही. मिक्सर अगदी इमानदारीने रिकामे सॉकेट रेकॉर्डिंगला पाठवून राहिला. गट बदलून स्टेजबॉक्सवर केले आणि सगळे ट्रॅक एका दमात उठले. वर्षभर मल्टीकोरवर (सगळ्या माइकच्या तारा एकत्र आणणारी जाड केबल) काम केलं आणि आज पहिल्यांदा स्टेजबॉक्स लावला की हेच होतं. याची उलटी गोष्टही लक्षात ठेवा, व्हर्च्युअल साउंडचेक करताना, म्हणजे रेकॉर्ड केलेले ट्रॅक मिक्सरमधून परत वाजवून आवाज लावताना, चॅनेलचं इनपुट युएसबीवर टाकलं आणि परत माइकवर आणायचं राहिलं, तर बुवा स्टेजवर गातील आणि स्पीकर गप्प.

दुसरा आजार जास्त चिवट. आवाज येतो पण मध्येमध्ये टिक, चट, फट असं वाजतं, कधी अर्धा शब्दच गिळला जातो. हेडफोन लावून ऐका. हाच टिकटिकाट स्पीकरमध्येही आहे का? असेल तर लॅपटॉपला हात लावू नका, भानगड बहुतेक मिक्सर आणि स्टेजबॉक्सच्या क्लॉकची आहे. डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ४८ हजार वेळा घेतलेलं माप, आणि ते कधी घ्यायचं हे सगळ्या यंत्रांना एकानेच सांगायचं असतं. दोन टाळकरी आपापली लय धरून बसले की भजनाचं जे होतं तेच इथे होतं. साध्या सेटअपमध्ये मिक्सरचं क्लॉक इंटर्नलवर ठेवा आणि स्टेजबॉक्सला त्याच्या मागे चालू द्या.

स्पीकर साफ आणि फक्त रेकॉर्डिंगमध्ये टिकटिक, तर गुन्हेगार लॅपटॉपकडे सापडेल. बफर वाढवा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाची किती मापं गोळा करून हाताळतो तो आकडा. रेकॉर्डिंगवाले बफर १२८ वर ठेवून का बसतात हे आम्हाला कळत नाही, कारण कलाकार ऐकतोय मिक्सरमधून, लॅपटॉपमधून नाही, मग लेटन्सी (आवाज पोचायला लागणारा उशीर) कमी करून कोणाचं भलं होणार? ४८ किलोहर्ट्झला १०२४ चा बफर म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद, रेकॉर्डिंगला काहीच फरक पडत नाही आणि लॅपटॉपला श्वास घ्यायला जागा मिळते. मग वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, क्लाउडवाली सिंक बंद, विंडोज अपडेट थांबवून ठेवा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर घ्या आणि त्याच्यात ‘युएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ म्हणून एक सेटिंग आहे ते डिसेबल करा, बॅटरी वाचवायला विंडोज कधीकधी पोर्टच झोपवून टाकतं. एवढं करूनही टिकटिक राहिली तर लॅटन्सीमॉन नावाचा फुकटचा प्रोग्राम चालवा, कोणता ड्रायव्हर आडवा येऊन राहिला ते तो दाखवतो, पुष्कळदा वायफायचाच निघतो. आणि ३२ ट्रॅक जुन्या हार्ड डिस्कवर घेऊ नका, एसएसडी लावा.

आवाज जाडसर आणि संथ वाटतोय, बुवा साधारण दीड पट्टी (सेमीटोन) खाली गाताहेत असं वाटतं? मग ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलेलं ४४.१ ला वाजून राहिलं. फाइल खराब नाही, प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती मापं तो आकडा) नीट करा, झालं.

हमिंगची गोष्ट मात्र थांबून सांगायला पाहिजे. लॅपटॉपचा चार्जर लावला की घूंऽऽऽ चालू, काढला की बंद. ही अर्थिंगची भानगड आहे, मिक्सर एका बोर्डवर आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या घरातून ओढलेल्या लाइनवर असला की हमखास. दोघांना एकाच अर्थिंगवाल्या बोर्डवर घ्या, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. युएसबी आयसोलेटर म्हणून स्वस्तातली डबी मिळते, पण त्यातल्या पुष्कळ डब्या १२ मेगाबिटवर अडकतात, ३२ चॅनेल त्याच्यातून जाणारच नाहीत. आणि हमिंग जावी म्हणून प्लगची अर्थची पिन तोडणारे आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, भाऊ, असं करू नका. पावसाळ्यातला ओला मंडप, लोखंडी पाइप, आणि हातात माइक घेतलेला माणूस. त्या पिनेवर त्याचा जीव आहे.

आता खंजिरी. हिच्या थापेचा फटका इतका झटकन येऊन जातो की मीटर बघेपर्यंत क्लिप होऊनही, म्हणजे आवाज फाटूनही, गेलेलं असतं. युएसबीला जाणारा सिग्नल बहुतेक मिक्सरमध्ये गेनच्या (माइकचा आवाज आत येतानाच वाढवणारं बटण) लगेच नंतरचा असतो, फेडर खाली ओढून रेकॉर्डिंग वाचत नाही, गेनच कमी करावा लागतो. सर्वात जोराची थाप मारायला लावा आणि ती मीटरवर उणे १० ते १२ डीबीच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये थोडं हळू रेकॉर्ड झालं तर वाढवता येतं, पण फाटलेली थाप परत शिवता येत नाही.

माणसं जमायच्या आधी पाच मिनिटांचं ट्रायल रेकॉर्डिंग करा, आणि नुसती हिरवी वेव्ह बघून उठू नका, प्रत्येक ट्रॅक सोलो (एकटा) करून हेडफोनवर ऐका, कारण वेव्हमध्ये टिक सहसा दिसत नाही. बाहेरच्या डिस्कवर घेत असाल तर ती एफएटी ३२ फॉरमॅटची नाही ना ते तपासा, ४ जीबीला फाइल अडकते. सोबत मिक्सरच्याच पेनड्राइव्हवर स्टीरिओ रेकॉर्डिंग चालू ठेवा, पुष्कळ मिक्सरवर सोय असते, लॅपटॉप मध्येच बसला तरी भजन हातात राहतं. आणि कार्यक्रम संपला की केबल खेचू नका. आधी स्टॉप, मग सेव्ह, मग दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मग लॅपटॉप बंद.