शिआन : मातीचं सैन्य आणि महाराष्ट्र पाहून गेलेला भिक्षू

(दृश्य: सकाळचं शिआन. नगराच्या तटावरून दिसणारी रहदारी, खंदकाकाठी व्यायाम करणारी वयस्क मंडळी.)

शिआनला येणारा प्रवासी बहुतेक वेळा एकाच गोष्टीसाठी येतो. चीनचा पहिला सम्राट छिन शी हुआंग याच्या कबरीसाठी घडवलेलं मातीचं सैन्य बघायचं, फोटो काढायचे आणि संध्याकाळची बुलेट ट्रेन पकडायची. ते सैन्य बघायलाच हवं, त्यात वाद नाही. पण मराठी माणसाने या शहरात आणखी एका ठिकाणी वेळ राखून ठेवावा. सातव्या शतकात महाराष्ट्रात फिरून गेलेल्या युआन श्वांग या चिनी भिक्षूने आपल्या मुलखाचं आणि आपल्या माणसांचं वर्णन इसवी सन 646 मध्ये याच शहरात पूर्ण केलं. त्याच्या ग्रंथांसाठी बांधलेला मनोरा आजही उभा आहे. आजच्या दिवसाची आखणी आम्ही तो मनोरा डोळ्यांसमोर ठेवूनच केली आहे.

तेव्हा या शहराला छांगआन म्हणत. पश्चिम हान, सुई, तांग अशा कितीतरी घराण्यांनी इथून राज्य केलं. तांग काळातलं नगर सुमारे 84 चौरस किलोमीटरवर आखलेलं होतं. सरळ रस्ते, 108 पेठा, प्रत्येक पेठेला स्वतःची भिंत. रात्री नगारे वाजले की पेठांचे दरवाजे बंद. पूर्वेला एक बाजार, पश्चिमेला एक. पश्चिमेच्या बाजारात समरकंदकडचे सोग्दियन व्यापारी, इराणी, अरब अशी माणसं भेटायची. आज त्या नगरातलं जमिनीवर फार थोडं उरलं आहे. बाकीचं आजच्या रस्त्यांखाली आहे आणि मेट्रो खणतानाही इथे जुन्या कबरी लागल्या आहेत.

म्हणूनच या शहरात खासगी गाइड घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. डोळ्यांना जे दिसतं ते थोडं. जे दिसत नाही ते सांगणारं माणूस बरोबर लागतं. व्यवहाराच्या बाजूनेही ते सोयीचं. मोठ्या स्थळांची तिकिटं पासपोर्टच्या नावावर आणि आगाऊ घ्यावी लागतात, पैसे बहुतेक ठिकाणी मोबाइलवरून दिले जातात आणि रस्त्यावर इंग्रजी बोलणारे कमी. ठरवतानाच एक गोष्ट लेखी कळवावी: वाटेत दुकानं नकोत. स्वस्त सहलींमध्ये सकाळचा चांगला वेळ रेशमाच्या, जेडच्या आणि नकली पुतळ्यांच्या दुकानांत जातो.

आमच्या गाइड याच शहरात वाढलेल्या. गळ्यात परवान्याचं ओळखपत्र, हातात छत्री आणि पाठपिशवीत खुणा केलेले नकाशे. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो जेवणाचा: मांस चालतं का? पथ्य असेल तर आत्ताच सांगा.

(दृश्य: महामार्ग. दूरवर लिशान डोंगर. डाळिंबाच्या बागा.)

शहराच्या पूर्वेला, पाऊण-एक तासावर, लिनथोंग. 1974 च्या मार्चमध्ये इथले शेतकरी पाण्यासाठी विहीर खणत होते. फावड्याला भाजलेल्या मातीचे तुकडे लागले. पुढे उत्खनन झालं, 1979 मध्ये संग्रहालय उघडलं आणि 1987 मध्ये ही जागा जागतिक वारसा ठरली.

गाइड आम्हाला आधी पहिल्या खड्ड्याकडे घेऊन जातात, कारण तासाभराने कठड्याला उभं राहायलाही जागा मिळत नाही. खड्डा म्हणजे सव्वादोनशे मीटरहून लांब आणि साठ मीटरहून रुंद जागा, वर विमानाच्या हँगरसारखं छप्पर. मातीच्या भिंतींमधल्या बोळांतून सैनिक ओळीने उभे आहेत, तोंड पूर्वेकडे. तिन्ही खड्ड्यांत मिळून सुमारे आठ हजार पुतळे असावेत असा अंदाज आहे; त्यातले बरेच अजून मातीतच आहेत. विहिरीची जागा कोपऱ्यात पाटी लावून दाखवली आहे. खणणारे थोडे बाजूला सरकले असते, तर विहीर सैन्याला चुकवून गेली असती.

बहुतेक लोक समोरच्या कठड्यावर फोटो काढून निघतात. गाइड मात्र आम्हाला मागच्या टोकाला नेतात. तिथे डोकं नसलेली धडं, पट्ट्यांनी बांधलेले हात, क्रमांक लावलेले तुकडे दिसतात. इथे पुतळे जोडण्याचं काम चालतं. जमिनीतून अखंड, उभा असा पुतळा निघणं फारच दुर्मीळ. वरचं लाकडी छत जळालं, कोसळलं आणि सैन्य खाली चिरडलं गेलं. समोर जे शिस्तीत उभं आहे, ते पुरातत्त्वज्ञांनी पन्नास वर्षं तुकड्याला तुकडा जुळवून उभं केलेलं आहे.

(दृश्य: काचेच्या पेटीतला गुडघा टेकलेला धनुर्धर. कॅमेरा हळूहळू मागच्या पायाकडे.)

दुसऱ्या खड्ड्याच्या दालनात काचेआड एक धनुर्धर आहे, गुडघा टेकून बसलेला. चेहरा सगळेच बघतात. गाइड सांगतात, मागे या आणि तळवा बघा. उजव्या पायाची टाच उचललेली आहे आणि जोड्याच्या तळाला टाके घातलेले दिसतात. चवड्याजवळ आणि टाचेखाली दाट, मध्ये विरळ. जिथे झीज जास्त, तिथे शिवण जास्त. हा पुतळा कुणी बघावा म्हणून केलेलाच नव्हता. घडवून झाल्यावर जमिनीखाली जायचा होता. तरी कुंभाराने टाके मोजून मापून घातले. अनेक पुतळ्यांवर कारागिरांची नावं ठशाने उमटवलेली सापडली आहेत. ती सही म्हणून नव्हे. काम बिघडलं तर कुणाला धरायचं हे कळावं म्हणून. त्या कारभाराचा धाक त्या ठशांमधून आजही जाणवतो, आणि त्या धाकाखाली राबलेल्या माणसांची नावंही त्यामुळेच उरली.

हे सगळे पुतळे मुळात रंगवलेले होते. गुलाबी चेहरे, हिरव्या बाह्या, तांबड्या दोऱ्या आणि प्रयोगशाळेत तयार करावा तसा बनवलेला जांभळा रंग. रंगाखाली झाडाच्या चिकापासून केलेल्या रोगणाचा थर होता. दोन हजार वर्षं ओल्या मातीत राहिलेला तो थर बाहेरची कोरडी हवा लागताच काही मिनिटांत आक्रसतो आणि रंगासकट सुटून येतो. सुरुवातीला काढलेल्या पुतळ्यांचे रंग असेच गेले. पुढचं उत्खनन संथ चालतं, त्याचं हे मोठं कारण. सम्राटाची खुद्द कबर इथून दीड किलोमीटर पश्चिमेला, मातीच्या टेकाडाखाली आहे. ती उघडलेलीच नाही. आत पाऱ्याच्या नद्या वाहत्या केल्या होत्या, असं इतिहासकार स-मा छ्यान याने सुमारे शंभर वर्षांनंतर लिहून ठेवलं आणि टेकाडाच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखरच जास्त आढळलं आहे. साधनं हाती येईपर्यंत हात न लावण्याचा हा संयम आम्हाला मोलाचा वाटतो.

(दृश्य: परतीची वाट. हुआछिंगची कुंडं, गाडीच्या खिडकीतून.)

परतताना लिशानच्या पायथ्याशी हुआछिंगची गरम पाण्याची कुंडं लागतात. 12 डिसेंबर 1936 रोजी इथेच चीनचे तेव्हाचे सत्ताधारी नेते च्यांग कै-शेक यांना त्यांच्याच सेनापतींच्या सैन्याने पकडलं आणि जपानविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एकत्र लढायला राजी केलं. पुढच्या वर्षी युद्ध पेटलं. त्या युद्धात जखमींवर उपचार करायला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये भारतातून निघाले आणि 1939 मध्ये शिआनच्या उत्तरेला, याच शान्शी प्रांतातल्या येनआनला पोचले. 1942 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, त्यांनी चीनमध्येच शेवटचा श्वास घेतला. त्यांचं नाव घेताच गाइडनी मान डोलावली. त्यांच्या शाळेच्या पुस्तकात ते होते.

दुपारी आपण तटाच्या आत, शहराच्या मध्यभागी येतो. नगारखान्याच्या मागे ह्वी, म्हणजे चिनी मुसलमानांची वस्ती आहे. मुख्य गल्लीत प्रवाशांची रेटारेटी असते. गाइड दोन वळणं घेऊन हुआज्युए गल्लीतल्या मोठ्या मशिदीत नेतात आणि आवाज एकदम थांबतो. घुमट नाही, उंच मिनार नाहीत. एकामागून एक चौक, लाकडी कमानी, उतरती कौलारू छपरं. चिनी मंदिरं सहसा उत्तर-दक्षिण मांडलेली असतात; ही वास्तू पूर्व-पश्चिम आहे, कारण चीनमधून मक्का पश्चिमेला. परंपरा तिची सुरुवात 742 पर्यंत नेते. आज दिसतं ते बांधकाम मुख्यतः मिंग काळातलं.

जेवण शेजारच्याच खाणावळीत. यांगरौ फाओमो. तुमच्यासमोर रिकामा वाडगा आणि दोन जाड, घट्ट रोट्या येतात. त्या आपल्या हातांनी कुस्करायच्या, सोयाबीनच्या दाण्याएवढे तुकडे होईपर्यंत. घाई केलेली चालत नाही. आमचे तुकडे बघून गाइडनी दोनदा वाडगा परत केला: अजून बारीक! मोठे तुकडे आतून कोरडे राहतात. मग वाडग्याला क्रमांक लावून तो मुदपाकखान्यात जातो आणि मटणाच्या रश्शात शिजून परत येतो. सोबत गोडसर मुरवलेला लसूण आणि मिरचीचा ठेचा. ढवळायचं नाही, कडेकडेने खात जायचं. मांस न खाणाऱ्यांनी ल्यांगफी मागवावं: थंड, रुंद शेवया, व्हिनेगर आणि मिरचीचं तेल. झणझणीत असतात.

(दृश्य: दक्षिणेची वेस, योंगनिंग. सायकली, लाल कंदील.)

गडकोट बघत वाढलेल्या डोळ्यांना शिआनचा तट लगेच कळतो. 1370 च्या दशकात मिंग सम्राट होंगवूच्या काळात बांधलेला, सुमारे 14 किलोमीटर घेराचा, 12 मीटर उंच. गाभा ठोकून घट्ट केलेल्या मातीचा. विटांचं आवरण नंतर, सोळाव्या शतकात चढलं. फांजी इतकी रुंद की वरून सायकल चालवत पूर्ण फेरी मारता येते. बाहेर आलेले बुरूज सुमारे 120 मीटरच्या अंतराने आहेत. दोन बुरुजांवरचे तिरंदाज मिळून मधली भिंत झाकू शकत. वेशीपुढे वेस आणि मध्ये बंद चौक. पहिल्या दारातून शत्रू आत आला, तर चारही बाजूंनी मारा. रायगडच्या महादरवाजाला वळण देऊन जे साधलं, ते इथे सपाट मैदानावर चौक बांधून साधलं आहे. आणि हे एवढं मोठं नगरही तांग काळातल्या छांगआनचा एक छोटा हिस्सा आहे. आपण ज्या मनोऱ्याकडे निघालो आहोत, तो तेव्हा नगराच्या आत होता. आज तटाच्या बराच बाहेर, दक्षिणेला आहे.

(दृश्य: दा यान था, म्हणजे मोठ्या रानहंसाचा मनोरा. समोर हातात दंड घेतलेला भिक्षूचा पुतळा.)

शाळेच्या इतिहासात आपण युआन श्वांग हे नाव वाचलेलं असतं. 629 च्या सुमारास, सम्राटाची परवानगी नसताना, तो छांगआनमधून निघाला. वाळवंट, पामीर, काश्मीर, नालंदा, दक्षिण भारत असा फिरून 645 मध्ये परतला तो 657 ग्रंथ घेऊन. पळून गेलेल्या भिक्षूचं राजधानीने स्वागत केलं. ग्रंथ आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून 652 मध्ये हा मनोरा उभारला गेला. त्याच्या चरित्रात नोंद आहे की त्याने स्वतः विटा वाहिल्या. मूळ मनोरा पाच मजल्यांचा होता. आजचा सात मजल्यांचा, सुमारे 64 मीटर उंच. 1556 चा महाभयंकर भूकंप याने सोसला आहे.

वर चढण्याआधी पायथ्याशी थांबावं. दक्षिणेच्या दाराच्या दोन्ही बाजूंना कोनाड्यांत दोन काळे शिलालेख आहेत, 653 मधले. मजकूर सम्राट थायत्सोंग आणि त्याच्या मुलाचा, अक्षर छू स्वेलियांग या नामवंत सुलेखनकाराचं. पश्चिमेच्या दारावरच्या दगडी पट्टीवर एक कोरीव चित्र आहे: लाकडी मंदिर, खांब, छताला आधार देणारे तोडे. तांग काळातल्या लाकडी इमारती जवळजवळ सगळ्या नष्ट झाल्या. त्या कशा दिसत हे सांगणारा हा फार मोलाचा पुरावा आहे आणि लोक त्याच्या खालून वर न बघताच आत जातात.

आता त्याने आपल्याबद्दल काय लिहिलं ते ऐका. महाराष्ट्राची जमीन सुपीक, हवा उष्ण. माणसं उंच, साधी, प्रामाणिक आणि ताठ. उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ, अपमान करणाऱ्याला न सोडणारी. संकटात कुणी हाक मारली तर स्वतःला विसरून धावणारी. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात, त्याला शस्त्र धरू देतात, मग लढतात. हरलेल्या सेनापतीला शिक्षा नाही; त्याला बाईची वस्त्रं देतात. हत्तींना मद्य पाजून रणात सोडतात. राजा पुलकेशी, आणि हर्षाने इतके देश जिंकले, तरी हे लोक त्याला शरण गेले नाहीत. पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचंही वर्णन आहे, दाराबाहेर दोन दगडी हत्ती असलेल्या. अभ्यासक ते अजिंठा मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही आहेत.

हे आम्ही गाइडना सांगितलं. युआन श्वांगच्या वर्णनातलं मगध त्यांना माहीत होतं, महाराष्ट्र नव्हता. त्यांनी तिथेच वही काढली आणि पुलकेशीचं नाव लिहून घेतलं.

युआन श्वांगने पुढची एकोणीस वर्षं भाषांतरात घालवली आणि 664 मध्ये तो वारला. त्याच्या अस्थी शहराच्या दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर शिंगज्याओ मंदिरात, पाच मजली विटांच्या स्तूपाखाली ठेवल्या गेल्या. आज दिवेलागण झाली, तिथे जाणं जमलं नाही. तुमच्या हाती दोन दिवस असतील, तर दुसऱ्या दिवसाची सकाळ त्या मंदिरासाठी ठेवा आणि गाइडला ते आदल्या आठवड्यातच कळवा, कारण नेहमीच्या सहलींच्या यादीत ते नसतं.