निळ्या टोपणाची नळी

(पडद्यावर: सदाशिव पेठेतलं औषधाचं दुकान. संध्याकाळ. मागून ढोल-ताशाचा आवाज.)

गौरी दोन दिवसांवर आल्यात. तुळशीबागेत मुखवट्यांपुढे झुंबड आहे, लक्ष्मी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नाही. आणि या मेडिकलमध्ये एक ताई आवाज खाली आणून म्हणतात, "दादा, ती पुढं ढकलायची गोळी द्या ना." दादा चिठ्ठी मागत नाहीत. पट्टी कागदी पुडीत जाते. गोळीचं नाव घ्यायचीही गरज पडली नाही.

पाळी पुढं ढकलणाऱ्या या गोळीचं नाव आहे नोरेथिस्टेरॉन. पाळीच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करतात. 5 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून तीनदा. प्रोजेस्टेरॉनच्या जातीची म्हणून ही 'साधी' समजतात. पण एवढ्या मात्रेत तिचा थोडा अंश शरीरात इथिनाइल इस्ट्राडिओल नावाचं इस्ट्रोजेन बनतो. रोज 10 ते 20 मिलिग्रॅम पोटात गेलं, तर साधारण 20 ते 30 मायक्रोग्रॅम. सरकारी 'माला-एन'च्या एका गोळीत हेच इस्ट्रोजेन 30 मायक्रोग्रॅम असतं. आरतीसाठी घेतलेली गोळी आणि पाळणा लांबवायची गोळी, दोघी नात्यातल्याच निघाल्या.

इस्ट्रोजेनमुळे यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवतं आणि गोठणं आवरणारं प्रोटीन एस कमी होतं. घाबरून जाण्याइतका हा धोका मोठा नाही. युरोपच्या औषध नियामकांचे आकडे असे: गर्भनिरोधक गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांत वर्षाला सुमारे 2 जणींच्या शिरेत गुठळी होते. संयुक्त गोळीत इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं एक औषध असतं. ते लेव्होनॉरजेस्ट्रेल असेल तर 5 ते 7 जणी, ड्रॉस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असेल तर 9 ते 12. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर धोका याहून जास्त असतो. प्रश्न आहे त्या मोजक्या जणी आधी ओळखायच्या कशा, हा.

(पडद्यावर: प्रयोगशाळा. निळ्या टोपणाची नळी.)

या नळीत आधीच सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य, भरलेलं असतं. एक भाग सायट्रेट, नऊ भाग रक्त. रक्त खुणेपर्यंत भरलं नाही, तर प्रमाण बिघडतं आणि नमुना परत जातो. "शीर सापडली नाही, एवढंच निघालं," ही सबब इथे चालत नाही.

या रक्तावर प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन ही गोठणं आवरणारी प्रथिनं मोजतात. जनुकाची तपासणी वेगळ्या नळीत. 1993 मध्ये स्वीडनमधले संशोधक डालबॅक यांना काही रुग्णांचं रक्त प्रोटीन सीला दाद देत नाही असं दिसलं. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सच्या लायडन शहरात त्यामागचा जनुकदोष सापडला. दोष रक्त गोठवणाऱ्या 'फॅक्टर फाइव्ह' या घटकाच्या जनुकात, म्हणून त्याचं नाव फॅक्टर फाइव्ह लायडन. हा दोष असलेल्या बाईनं संयुक्त गोळी घेतली, तर दोष नसलेल्या आणि गोळी न घेणाऱ्या बाईच्या तुलनेत धोका तिसेक पट होतो असा हिशेब 1994 मध्येच मांडला गेला. युरोपीय वंशाच्या शंभरात पाचेक जणांत तो असतो. आपल्याकडे पुष्कळ कमी. त्यामुळे पुण्यातल्या बाईच्या हातात 'लायडन निगेटिव्ह' असा कागद आला, तरी तेवढ्यानं सुटका झाली असं धरता येत नाही.

दुसरी गंमत वेळेची. गोळी चालू असताना प्रोटीन एस मोजलं, तर ते गोळीमुळेच कमी येतं. गरोदरपणातही तसंच. ताजी गुठळी असताना किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असतानाही आकडे फसवतात. जनुकाची चाचणी मात्र या कशानं हलत नाही. डी-डायमर या रक्तचाचणीचं काम आणखी वेगळं. आता गुठळी असेल का, या शंकेसाठी ती चाचणी आहे, पुढच्या वर्षीचं भविष्य सांगायला नाही.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, गोळीआधी सरसकट सगळ्यांच्या या चाचण्या करू नका. हे दोष विरळ आहेत आणि तपासण्या महाग. त्यापेक्षा घरातला इतिहास विचारा.

पण तो विचारायचा कसा? "घरात कुणाला गुठळी झाली होती का?" असं विचारलं तर उत्तर नाहीच येणार. आजीच्या काळात गुठळी हा शब्दच घरात नव्हता. बाळंतिणीचा एक पाय सुजला, की 'वारं भरलं' म्हणून शेकायचे. म्हणून विचारावं ते असं: कुणाचा एकच पाय एकाएकी सुजला होता का? बाळंतपणानंतर कुणी धाप लागून अचानक गेलं का? तुम्ही सिगारेट ओढता का? अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं का? हल्ली ऑपरेशन, प्लास्टर, लांबचा प्रवास? यातलं एक जरी 'हो' आलं, तर गोळी बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे. आणि गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी दुखून सुजली, दम लागला, छातीत कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना. तिथे डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून शीर बघतात.

(पडद्यावर: पुन्हा तेच दुकान.)

ताई सुट्टे पैसे मोजतायत. या वेळी दादांनी विचारलं, "ताई, घरात कुणाचा पाय सुजला होता का हो कधी?" त्या थांबल्या. "माझ्या मावशीचा. धाकट्याच्या वेळी. का?"

पुडी अजून काउंटरवरच आहे.