बोलून बसला, बोलून टाकलं, बोलून दाखवलं

नमस्कार, श्रोतेहो.

‘तो बोलून बसला’, ‘त्यानं बोलून टाकलं’, ‘त्यानं बोलून दाखवलं’. बोलणं तेच, पण पहिल्यात पश्चात्ताप आहे, दुसऱ्यात सुटका आणि तिसऱ्यात समोरच्याला ऐकवण्याचा हेतू. हा फरक आपल्याला कुणी शिकवला नाही, कानानं टिपला. इंग्रजीतल्या फ्रेझल व्हर्ब्जना घाबरणाऱ्यांना मला एवढंच सांगायचंय, की ही तऱ्हा तुमच्या ओळखीची आहे. आपण दुसरं क्रियापद जोडतो, इंग्रज ऑफ, अप, आफ्टर असा छोटा शब्द जोडतो. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ सालच्या पुस्तकात ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव वापरलं. लोक मात्र ही क्रियापदं त्याआधी कितीतरी शतकं बोलत होते.

एका तरुणानं नोकरीचा अर्ज मला तपासायला दिला होता. त्यात लिहिलं होतं, ‘आय ॲम लुकिंग आफ्टर अ जॉब’. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, लहान मुलाला किंवा आजारी माणसाला. शोधण्यासाठी हवं लुक फॉर. पण त्याचं का चुकलं? आपण ‘नोकरीच्या मागे लागलोय’ म्हणतो ना, त्या ‘मागे’चं त्यानं ‘आफ्टर’ केलं. अशी चूक पाहिली की मला त्या मुलाचं कौतुकच वाटतं, कारण तो विचार करून लिहीत होता.

कार्यक्रम पुट ऑफ झाला तर पुढची तारीख मिळेल. कॉल ऑफ झाला तर रद्दच.

सर्वांत जास्त घोळ होतो तो यूज्ड टूचा. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे मी पूर्वी लवकर उठायचो, आता नाही. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे, आजही. मध्ये ‘ॲम’ आला आणि ‘गेट’चं ‘गेटिंग’ झालं. लुक फॉरवर्ड टू, म्हणजे आतुरतेनं वाट पाहणं, याचंही तसंच: ‘टू मीट यू’ नव्हे, ‘टू मीटिंग यू’.

त्या छोट्या शब्दाची जागाही सांभाळावी लागते. ‘टर्न ऑफ द लाइट’ चालतं, ‘टर्न द लाइट ऑफ’ही चालतं. पण लाइटऐवजी ‘इट’ आलं, की ते मध्येच बसतं: ‘टर्न इट ऑफ’. लुक आफ्टर मात्र फोडायचं नाही.

तेव्हा आज वहीत नुसतं ‘लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे’ लिहू नका. ‘शी लुक्स आफ्टर हर फादर’ असं अख्खं वाक्य लिहा आणि दोनदा मोठ्यानं म्हणा.