ताजमहालचे पहिले तीन अल्बम

मंडळी, आज ज्या अमेरिकन गायकाच्या पहिल्या तीन, पुढे बाजूला पडलेल्या अल्बमबद्दल बोलायचं आहे त्याचं नाव ताजमहाल. आधी नावाचा उलगडा करतो, म्हणजे पुढे मोकळेपणाने गाण्यांकडे वळता येईल. त्याचं जन्मनाव हेन्री सेंट क्लेअर फ्रेडरिक्स. 1942 साली न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जन्म, पण वाढला मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावात. तरुणपणी गांधीजींची आणि भारताची स्वप्नं पडत, त्यातून हे नाव घेतलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. वडील कॅरिबियन वंशाचे, जॅझ पियानो वाजवणारे. आई साउथ कॅरोलायनाची, चर्चमध्ये गाणारी. ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसांचं जुनं गाणं, हा या घरातल्या अनेक संगीतांपैकी एक होता, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हा माणूस शेतीच्या वाटेवर होता. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात तो पशुसंवर्धन शिकला, डेअरी फार्मवर राबला. त्याच्या गाण्यात खेचर येतं, कोंबडी येते, गळाला लागलेला मासा येतो, तेव्हा ती त्याने हाताळलेल्या जगातून येतात. साठच्या दशकात शहरातली कितीतरी मुलं जुने ब्लूज गात होती. शब्द तेच असायचे, पण त्यात शेणामातीचा वास नसायचा. याच्या आवाजात तो आहे, आणि पहिल्या ओळीपासून आहे.

1964 साली तो लॉस एंजेलिसला आला. तिथे राय कूडर नावाचा कोवळा पण विलक्षण गिटारवादक त्याला भेटला आणि दोघांनी ‘रायझिंग सन्स’ हा बँड काढला. काळे आणि गोरे वादक एकत्र असलेला बँड तेव्हाच्या अमेरिकेत सहजासहजी दिसत नसे. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने त्यांचं बरंच ध्वनिमुद्रण केलं, पण त्या वेळी एकच सिंगल बाजारात आणलं. बाकीचं संगीत 1992पर्यंत पडून राहिलं. बँड मोडला, ताजमहाल मात्र कोलंबियाकडेच राहिला. त्या शहरात ‘अ‍ॅश ग्रोव्ह’ नावाचा क्लब होता. दक्षिणेतले म्हातारे ब्लूज गायक तिथे येऊन गात. ही शाळा त्याला फार मोक्याच्या वेळी मिळाली.

1968 साली पहिला अल्बम आला, नाव नुसतं ‘ताजमहाल’. आठ गाणी. त्यातली तीन स्लीपी जॉन एस्टिसच्या परंपरेतली आहेत: ‘लीव्हिंग ट्रंक’, ‘डायव्हिंग डक ब्लूज’ आणि ‘एव्हरीबडीज गॉट टू चेंज समटाइम’. हा एस्टिस टेनेसीतल्या ब्राउन्सव्हिलचा. त्याने 1929पासून तबकड्या काढल्या, मग तो विस्मरणात गेला. तो वारला असंच लोक धरून चालले होते. 1962 साली तो सापडला, आंधळा आणि कमालीचा गरीब. त्याचं गाणं रडवेलं, तुटक, ओळ कुठे संपेल याचा भरवसा नसलेलं. आता त्याच गाण्यांचं पंचवीस-सव्वीस वर्षांच्या या पोराने काय केलं ते ऐका.

(‘लीव्हिंग ट्रंक’ ऐकवण्यात आले.)

गाण्याला ठेका आला, हे तुमच्या मानांनी मला सांगितलंच. ब्लूजचा साचा तुम्हाला माहीत आहे: बारा मापं, म्हणजे चार-चार मात्रांचे बारा तुकडे, त्यांचे चार-चारचे तीन हिस्से. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. एस्टिस हा साचा मनाप्रमाणे ताणायचा, तोडायचा. एकटा गाणाऱ्याला ते शोभतं. ताजमहालच्या मागे बास आहे, ड्रम आहेत, दोन-तीन गिटारी आहेत. म्हणून त्याने साचा घट्ट बसवला आणि मोकळीक सगळी आवाजात आणि हार्मोनिकात ठेवली. आपल्याकडे एकच बंदिश आग्र्याचा गवई लयीशी खेळत मांडतो आणि किराण्याचा सुरावर विसावून मांडतो, तशातलाच हा प्रकार. बंदिश जुनीच आहे, पण गाणं आजचं आहे.

या अल्बमवर गिटार वाजवणारा जेसी एड डेव्हिस ओक्लाहोमाचा, अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी, कायोवा आणि कोमांची वंशाचा. त्याच्याबद्दल फार कमी बोललं जातं आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तो कधी गर्दी करत नाही. गायकाची ओळ संपली की दोन-चार स्वर, आणि बाजूला. ‘स्टेट्सबरो ब्लूज’ हे ब्लाइंड विली मॅक्टेलने 1928 साली बारा तारांच्या गिटारवर एकट्याने गायलेलं गाणं. डेव्हिसने त्यात स्लाइड गिटार, म्हणजे बोटात घातलेली नळी तारेवर घसरवत वाजवायची गिटार, घातली. ती ऐकून ड्युएन ऑलमन नावाचा तरुण औषधाची रिकामी काचेची बाटली बोटात घालून स्लाइड शिकायला बसला. 1971च्या ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ या त्याच्या बँडच्या गाजलेल्या अल्बमची सुरुवात याच गाण्याने होते. लाखो लोकांनी ते गाणं ऑलमन ब्रदर्सचं म्हणून ऐकलं. वाटेत उभे असलेले ताजमहाल आणि डेव्हिस कितीजणांना दिसले असतील?

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा अल्बम आला, ‘द नॅचल ब्लूज’. माझ्या मते तिघांत हा सर्वांत देखणा. ‘कोरिना’ ऐका. तक्रारीचं गाणं असून त्यात कडवटपणाचा थेंब नाही. ‘शी कॉट द केटी’ हे त्याने यँक रेचेलबरोबर रचलेलं. रेचेल म्हणजे एस्टिसचा जुना साथीदार, मँडोलिनवादक. केटी म्हणजे मिसूरी-कॅन्सस-टेक्सास रेल्वे. बाई गाडीत बसून गेली आणि याला बसायला खेचर ठेवून गेली, एवढीच हकिगत. पण त्या बाईचा हट्टीपणा सांगताना तो ज्या प्रेमाने सांगतो, त्यावरून कळतं की ती परत आली तर हा दार उघडणार. याच अल्बममध्ये विल्यम बेलचं ‘यू डोन्ट मिस युअर वॉटर’ हे सोल, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या तेव्हाच्या लोकप्रिय संगीतातलं, गाणंही आहे, आणि ते उपरं वाटत नाही. घरातली अनेक संगीतं, असं मी म्हटलं होतं ना, ती इथे दिसू लागतात.

1969चा ‘जायंट स्टेप / डि ओल फोक्स अ‍ॅट होम’ हा दोन तबकड्यांचा अल्बम. पहिलीवर बँड. दुसरीवर तो एकटा: गिटार, बँजो, हार्मोनिका आणि आवाज. ही दुसरी तबकडी तुम्ही घरी जाऊन सलग ऐकावी अशी माझी विनंती आहे. ‘फिशिंग ब्लूज’ मूळ टेक्सासच्या हेन्री थॉमसचं, 1928चं. ‘लायनिंग ट्रॅक’ हे रेल्वेचे रूळ सरळ करणाऱ्या मजुरांचं गाणं. पहारी एकदम रेटल्या जाव्यात म्हणून त्याची लय बांधलेली. आणि बँजो! तोवर हे वाद्य गोऱ्या डोंगराळ मुलखाचं म्हणून ओळखलं जाऊ लागलं होतं. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी ते अमेरिकेत रुजवलं, हे बहुतेकांच्या ध्यानातून गेलं होतं. ताजमहालने भाषण केलं नाही. त्याने बँजो हातात घेतला आणि ‘कलर्ड अ‍ॅरिस्टोक्रसी’ वाजवलं. पुढे 1999 साली पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या तुमानी जाबातेच्या कोरा या तंतुवाद्याबरोबर त्याने ‘कुलांजन’ हा अल्बम केला. त्याचं बीज मला या बँजोत दिसतं.

मग हे अल्बम बाजूला का पडले? मला वाटतं, 1968 साली त्यांना बसायला जागाच नव्हती. तरुण काळा श्रोता सोलकडे गेला होता, आणि जुने ब्लूज त्याला आजोबांच्या हलाखीची आठवण करून देत. गोऱ्या श्रोत्यांपैकी काहींना खेड्यातला खराखुरा म्हातारा हवा होता, तर बाकीच्यांना प्रचंड आवाजातली दहा-दहा मिनिटांची सोलो गिटार. शिकलेला, तरुण, काळा, आनंदाने गाणारा माणूस दोघांच्याही चित्रात बसेना. दुःख हीच ब्लूजची ओळख, हा समज तेव्हाही पक्का होता आणि आजही आहे. या तीन अल्बममध्ये दुःख आहेच, पण ते नाचतं आहे, आणि नाचणं हा या संगीताचा मूळचा धर्म आहे. ही गाणी शनिवारी रात्री दमलेल्या माणसांसाठी वाजत असत.

आपला दुवाही सांगून टाकतो. राय कूडर आणि आपले विश्वमोहन भट्ट यांचा ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ 1993 साली आला आणि त्याला ग्रॅमी मिळालं. दोनच वर्षांनी ताजमहालने भट्टांची मोहनवीणा आणि एन. रविकिरण यांची चित्रवीणा यांच्या संगतीत ‘मुमताज महल’ केला. ताजमहालची गिटार धरून तिन्ही वाद्यांना तारा आहेत, आणि मोहनवीणा व चित्रवीणा तर तारेवर घसरणाऱ्या मींडेवरच जगतात. मॅक्टेलच्या गाण्यातल्या डेव्हिसच्या स्लाइडपासून ते अंतर फारसं नाही, हे तुमच्या कानांना लगेच कळेल.

2022 साली ताजमहाल आणि कूडर पुन्हा एकत्र आले, ‘गेट ऑन बोर्ड’साठी. त्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. पण आपण पहिल्या अल्बमकडे परत जाऊ, कारण त्यातलं शेवटचं गाणं अजून ऐकायचं राहिलं आहे. ‘द सेलिब्रेटेड वॉकिंग ब्लूज’, जवळजवळ नऊ मिनिटांचं. हार्मोनिका कुठे थांबते आणि आवाज तिथून कसा उचलतो, त्याकडे लक्ष ठेवा. प्रश्न त्यानंतर घेऊ.