गळ्याचा एमआरआय आणि तांदळाची पिशवी

(दृश्य: पहाट. धानाच्या बांध्यांमधून जिल्ह्याच्या गावाकडे निघालेली एसटी.)

पूर्व विदर्भात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या गालात जखम भरत नाही, जबड्याखाली गाठ लागते, आणि डॉक्टर गळ्याचा एमआरआय लिहून देतात. गॅडोलिनियम हे चित्र उजळवणारं औषध टोचलं की टी-वन चित्रात (एमआरआय चित्राचा एक प्रकार) गाठ पांढरी उजळते. पण चरबीही पांढरीच असते. म्हणून आधी चित्रातली चरबीची चमक दाबायची.

चरबीतल्या आणि पाण्यातल्या हायड्रोजनच्या वारंवारतेत दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर जेमतेम 220 हर्ट्झचा फरक असतो. फॅट-सॅट, म्हणजे चरबीची वारंवारता नेमून तिची चमक दाबणं, याचा सारा नेम तेवढ्यावर. इथे तर मान बारीक, खांदे रुंद, मधोमध श्वासनलिकेतली हवा. हवा आणि मांस भेटतात तिथे चुंबकीय क्षेत्र वाकतं. मग हनुवटीखालची चरबी पांढरीच राहते. कधी चरबी सोडून पाणीच दाबलं जातं आणि असलेली गाठ दिसत नाही. ही चूक जास्त घातक.

(दृश्य: टेबलावर कापडी पिशव्या.)

मंगळसूत्र, कानातलं, केसांतल्या पिना, निघणारी कवळी काढून ठेवा. मग मानेभोवतीची पोकळी कोरड्या, कच्च्या तांदळाच्या पिशव्यांनी भरा. त्याचा चुंबकीय स्वभाव शरीराच्या जवळचा असतो आणि चित्रात तो जवळपास उमटतच नाही. धानपट्ट्यात याहून स्वस्त साधन कोणतं? पिशवी दोऱ्यानेच शिवा, स्टेपलरची पिन चालणार नाही. दाणे सरकून मानेला बिलगतील इतपतच भरा. दोन्ही बाजूंना आणि मानेखाली ठेवा, गळ्यावर नाही; या रुग्णांचा श्वास आधीच अडखळतो.

शिमची (चुंबकीय क्षेत्र सारखं करण्याची) चौकट गळ्याच्या मांसावर बसवा, फुप्फुसं आणि बाहेरची हवा टाळा. मग वारंवारतेचा आलेख डोळ्यांनी पाहा. मशीन कधी चरबीचं शिखर पाण्याचं समजून धरून बसतं.

तरी जमत नसेल तर स्टिर, म्हणजे वारंवारतेऐवजी वेळेच्या नेमाने चरबी दाबणारी पद्धत. दीड टेस्लावर इन्व्हर्शन टाइम (चुंबकन उलटवल्यावर थांबायचा वेळ) साधारण 150 ते 170 मिलिसेकंद. क्षेत्र वाकडं असलं तरी चरबी दबते, चित्र मात्र जरा खरखरीत येतं. पण स्टिर गॅडोलिनियमच्या आधीच. नंतर गाठीचा टी-वन (चुंबकन पुन्हा सावरायला लागणारा वेळ) घटून चरबीजवळ येतो आणि गाठच काळी पडू शकते.

इंजेक्शननंतर डिक्सन बरं; ही पद्धत पाण्याचं आणि चरबीचं चित्र वेगवेगळं काढते. त्यात कधी पाणी आणि चरबीची अदलाबदल होते, म्हणून चरबीचं चित्रही उघडा. कातडीखालचा थर तिथे पांढरा दिसायला हवा. मानेच्या एका बाजूला तो अचानक काळा पडला, तर त्या बाजूचं पाण्याचं चित्र वाचू नका.