शिशातली माणसं

(दृश्य: मालवण, सकाळ. कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, फेकणारा माणूस.)

पाग पाण्यावर पडला की आधी त्याचा काठ बुडतो, कारण काठाला शिशाच्या गोळ्या असतात. त्या घरीच ओतायची रीत या किनाऱ्यावर जुनी. परसात चूल, लोखंडी पळीत शिसं आणि जवळ घुटमळणाऱ्या नातवाला आजोबांचा दम: "मागे रव रे, पाण्याचो थेंब पडलो तर शिसा उडतला!" शिसं वितळतं ३२७ अंशांना. त्यात पडलेल्या थेंबाची क्षणात वाफ होते आणि तापलेला धातू अंगावर येतो. समोरच्या सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. त्याच्याही पायाच्या दगडांत शिसं ओतलं होतं, असं सांगतात.

(दृश्य: टेबलावर धातूची मूर्ती, शेजारी रंगाचे ब्रश.)

हाही पाग टाकणाराच. उंची ५४ मिलिमीटर.

हे माप लंडनहून आलं. तिथल्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये शिशाचे पोकळ सैनिक काढले. धातू साच्यात ओतायचा, बाहेरचा थर गोठला की साचा लगेच उलटा करायचा, आतलं पातळ शिसं परत भांड्यात. धातू वाचला, खेळणं स्वस्त झालं आणि घरोघरी पोचलं. त्यांच्या पलटणींत बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्री, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई फौजेतलं हिंदी पायदळही होतं. त्या खऱ्या बॉम्बे आर्मीत रत्नागिरी जिल्ह्यातली किती माणसं होती, हे दापोली सांगेल. तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती म्हणून आजही लोक तिला कॅम्प दापोली म्हणतात. मंडणगड-दापोलीकडच्या घरांतून माणसं पलटणीत गेली आणि त्यांची शिशाची रूपं विलायतेतल्या मुलांच्या हाती आली. पण त्या खेळण्यांना चेहरा नव्हताच म्हणा. दोन ठिपके डोळ्यांचे, एक रेघ मिशीची. गणवेशाचा रंग बदलला की पलटण बदलली.

म्हणूनच या किनाऱ्यावर बनणाऱ्या धातूच्या छोट्या मूर्तींकडे जवळून बघावंसं वाटतं. इथे सुरुवातच चेहऱ्यापासून होते.

(दृश्य: साच्याची तयारी.)

मूळ नमुना मेणासारख्या पुट्टीतून, दाभणाएवढ्या हत्यारांनी घडवतात. तो मातीत अर्धा बसवून वर सिलिकॉन रबर ओततात. एक रात्र थांबायचं, मग माती काढून, कडेला व्हॅसलिन लावून दुसरी बाजू. साच्याचे हे दोन भाग एकमेकांत अचूक बसले पाहिजेत. केसभर सरकले तरी नाकाच्या मधोमध शिवण येते.

आता धातू. नुसतं शिसं मऊ पडतं, म्हणून कथील आणि थोडा अँटिमनी. कथलाने मिश्रण कमी उष्णतेत वितळतं आणि बारीक फटींत सहज शिरतं. अँटिमनीने कडकपणा येतो. आता पुष्कळ जण शिसं पूर्ण वगळून कथलावरच काम करतात, आणि तेच योग्य आहे. शिसं वापरायचंच तर उघड्यावर, स्वयंपाकाची भांडी न घेता, मुलांना दूर ठेवून. आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

(दृश्य: धातू ओतताना.)

साच्याला आतून टाल्कम पावडर. बघा, धातू एका धारेत जातोय, मध्ये थांबत नाही. पहिल्या मूर्तीला बोटंच आली नाहीत. हवा अडकली होती. पातीने साच्यात बोटांच्या टोकापासून बाहेरपर्यंत बारीक वाट कापली, आणि तिसऱ्या ओतणीला पाचही बोटं उतरली. उगारलेला हात वेगळा ओतून तारेने जोडतात. पाग मात्र धातूचा होत नाही: बँडेजची जाळी गोंदात बुडवून हवेत फेकल्यासारखी वाळवायची, काठाला सोल्डरच्या तारेचे कण. किती सुंदर दिसतो तो!

(दृश्य: पाऊस, कौलांवरून पागोळ्या.)

आषाढ-श्रावणात ओतकाम बंद. रबराऐवजी प्लास्टरचा साचा केला तर तो या हवेत वाळतच नाही, आणि ओल राहिलेल्या साच्यात धातू ओतणं म्हणजे आजोबांचा तो थेंबच. हे दिवस रंगकामाचे.

संग्राहकाला खरी काळजी पावसाळ्यातच. दमट हवा आणि ताज्या लाकडातून, प्लायवूडमधून निघणारी आम्लाची वाफ, या दोन्हींनी शिशाच्या मूर्तीवर पांढरी भुकटी धरते. शिसं आतून खचत जातं, आणि ती भुकटी विषारी असते. म्हणून जुना संग्रह लाकडी कपाटात ठेवू नका. काच आणि पत्र्याचं कपाट, आत सिलिका जेलच्या पुड्या, मूर्तीला तळव्यापर्यंत रंगाचा थर. आजोबांच्या ट्रंकेत असे सैनिक सापडले तर घासून साफ करू नका. आधी कोरड्या जागी, वेगळे ठेवा.

(दृश्य: पुट्टीचा अर्धवट नमुना.)

आता घडतोय तो कॅम्प दापोलीचा पेन्शनर हवालदार. गणवेश घडीत गेला, अंगात बंडी आहे, डोक्याला मुंडासं. छातीवर पदकं लावायची का, यावर दोन दिवस वाद चालू आहे. चेहरा मात्र पुरा झाला आहे, आणि गालांवर देवीचे व्रण आहेत.